बाळीच्या नावाची आंघोळ

९ डिसेंबर

"आजी, दिवसभर बोलून आमचं डोकं खातेस, त्यापेक्षा हिचं खा," असं म्हणून साक्षीनं दोनशे पानी वही आणली. मी बोलायचं, तिनं लिहायचं. मला अक्षर येत नाही. शाळेत एकदाच गेले होते, आमची शेळी आत शिरली होती तिला हाकलायला.

मी 'हाय' म्हणते, नात 'आहे' लिहिते. म्हटलं लिही बाई, तुझ्या हातून तरी मी शिकलेली दिसते.

तर वहीबाई, मी रंगूबाई. गाव कुंडल, वय ऐंशीच्या अलीकडे-पलीकडे. दिवाळीत आमच्याच विहिरीच्या पायरीवरून पाय घसरला आणि मांडीचं हाड मोडलं. आत सळई घातली. लेकानं, धनाजीनं, उचलून इथं कऱ्हाडजवळ मलकापुरात आणलं, तिसऱ्या मजल्यावर. लिफ्ट बंद आहे. "सोसायटीचं भांडण मिटलं की सुरू होईल," म्हणतो. कुंडलात आमच्या भावकीचं भांडण माझ्या सासऱ्याच्या जन्माआधीचं आहे, तेव्हा मी खाली कधी जाणार याचा हिशोब मी सोडून दिला.

सकाळी दहाला धनाजी कारखान्यावर, सून क्रांती औषधाच्या दुकानात, साक्षी कॉलेजात. जाताना बाहेरच्या जाळीच्या दाराला कुलूप. चूक माझीच. मागच्या महिन्यात पाणी शुद्ध करायचं यंत्र विकणारी दोन माणसं आली. मला उठता येईना म्हणून मी त्यांनाच चहा करायला लावला. बिचारी गुणी होती, चहा केला, कपही विसळले. संध्याकाळी क्रांती येऊन बघते तर नळाला यंत्र बसलेलं. तेव्हापासून कुलूप, आणि किल्ल्या तिघांकडे.

आतलं लाकडी दार मात्र माझ्या ताब्यात. ते उघडते, वॉकर बाजूला ठेवते, खुर्चीवर बसते, मांडीवर शेंगांचं सूप घेते आणि शेंगा सोलत जाळीतून जिना बघते. जाळीची भोकं बोटाएवढी. पोपटाला निदान मिरची तरी घालतात.

११ डिसेंबर

आज भूकंपाचा दिवस. कोयनेचा. अठ्ठावन्न वर्षं झाली, तरी या तारखेला पहाटे मला आपोआप जाग येते.

तेव्हा मी बावीस वर्षांची. मालक, म्हणजे सयाजी, पलटणीत, सरहद्दीवर. घरात मी आणि सासू. पहाटे जमीन अशी हलली की उतरंडीची गाडगी एकमेकांशी भांडायला लागली. आम्ही बाहेर. घर पडलं नाही, मधल्या भिंतीला चीर गेली तेवढी. पण सासूनं जे अंथरूण रानात नेलं ते दीड महिना परत आणलं नाही. "मला गाडायचं त्या मातीत गाडा, छपराखाली न्हाई," म्हणायची. दीड महिना तिनं उंबरा ओलांडला नाही. पीठमीठ आणायला घरात जायचं कुणी? रंगूनं. सून मेली तर दुसरी मिळते, असं तिनं बोलून दाखवलं नाही, पण शेजारणीला नक्की सांगितलं असणार. मला लग्नाला पाच वर्षं होऊन मूल नव्हतं.

साक्षी म्हणते, तुझी सासू फारच खाष्ट होती. होती. पण सासू मेल्यावर सगळ्यांनाच ती खाष्ट असल्याचं आठवतं. क्रांतीचीही वही निघेलच कधीतरी.

१४ डिसेंबर

दुपारी भांडी घासायला महादेवी येते. जतकडची, वय पन्नाशीचं. साक्षी घरी आली की तीही येते. तिला हसवणं हा माझा धंदा. आज क्रांतीचा आवाज काढला : "आवं आत्या, कितींदा सांगायचं, वॉकर भित्तीला टेकवू नका, रंग जातुय." महादेवीच्या हातातून तांब्या पडला. मग धनाजीचा काढला, खालच्या मजल्यावरच्या सेक्रेटरीचा काढला. लहानपणापासूनची खोड आहे. माणूस एकदा बोललं की त्याचा आवाज माझ्या घशात येऊन राहतो.

महादेवी म्हणाली, "आज्जी, तू आवाज बदलायच्या आदी बारीक खाकरतीस बघ. मोरीतनंबी कळतंय मला, आता आज्जीच्या अंगात कोणतरी येनार."

म्हटलं, "गाडी निघताना चाक कुरकुरणारच की."

१९ डिसेंबर

साक्षी दुपारी पेपर वाचून दाखवते. आज दिल्लीचा मोठा पुरस्कार आला होता, चोवीस भाषांतल्या चोवीस पुस्तकांना. मी म्हटलं, "चोवीस? आपल्या जिन्यात समदी एकच भाषा बोलत्यात, तरी लिफ्टचं काय ठरंना."

ती नावं वाचत गेली, मी प्रत्येकाला शाबासकी देत गेले. कानडीपाशी ती थांबली.

"आजी, तुझ्या नावाची बाई आहे. रंगव्वा मल्लाप्पा. विजापूरकडच्या, शाळेत शिकवायच्या. पुस्तक त्यांच्या आईवर आहे. ऐक हं... 'लेखिकेच्या दिवंगत आई बाळाबाई या मूळच्या सांगली जिल्ह्यातील कुंडलच्या. विहिरीच्या बांधकामासाठी आलेल्या पाथरवटाबरोबर त्यांनी...' आजी? शेंगा सांडल्या सगळ्या."

म्हटलं, सांडू दे. चहा कर.

चहा आला. गार झाला. साक्षी समोर वही घेऊन बसली आहे आणि माझ्याकडे बघते आहे, तेव्हा सांगणं भाग आहे.

बाळी माझी धाकटी बहीण. आमची आई लवकर गेली, म्हणून तिला मी माझ्या सासरी आणून ठेवलं होतं, कामाला हात म्हणून. भूकंपाच्या आदल्या वर्षी आमच्या रानातली विहीर बांधायला विजापूरकडची टोळी आली. त्यातला मल्लाप्पा दगड असा घडवायचा की दोन दगडांत सुई जायची नाही. बाळी त्यांना भाकरी पोचवायला जायची. एक दिवस भाकरीची पाटी परत आली, बाळी आली नाही. अठराची होती.

आमच्या आबांनी, म्हणजे वडलांनी, तिच्या नावानं आंघोळ केली. माणूस मेल्यावर करतात तशी. डोक्यावरून पाणी घेतलं, की मुलगी मेली. मलाही करायला लावली. सासू म्हणाली, "तुझ्या पदराखालनं गेली, पयला तांब्या तू घे." मी घेतला.

बाळी परत कधी आली नाही. लिही, परत कधी आली नाही.

२१ डिसेंबर

दोन रात्री झोप नाही. पेपरात 'दिवंगत' म्हटलं आहे. साक्षीनं फोनवर शोधलं, तीन वर्षांपूर्वी गेली म्हणे.

गंमत बघा. दर वर्षी म्हाळाच्या दिवशी घरच्यांची पानं वाढून झाली की मी एक घास गुपचूप बाजूला ठेवते, बाळीच्या नावाचा. सासरच्या म्हाळाला माहेरचं माणूस, कुठल्या नियमात बसत नाही. पण पुरणात थोडं जास्त तूप घालून ठेवायची, तिला आवडायचं म्हणून. आणि कावळा दर वर्षी पहिल्या झटक्याला शिवायचा. मी समाधानानं आत यायची, म्हणायची, पोचलं बाळीला.

आता कळलं, ती तिकडं जिवंत होती, आपल्या लेकीला शिकवत होती. पन्नासच्या वर वर्षं मी जित्या बाईचं पान वाढलं आणि कावळ्यांनी ते खाल्लं. त्यातल्या एकानंही तोंड उघडून सांगितलं नाही.

साक्षी म्हणते, "आजी, तुला भाची आहे! आपण त्यांना लिहूया, बाबांना सांगूया." म्हटलं, कुणाला सांगितलंस तर माझं मेलेलं तोंड बघशील. ती म्हणाली, पण का? म्हटलं, म्हाताऱ्या माणसाला 'का' असं विचारू नये, त्याला खोकला येतो.

२७ डिसेंबर

साक्षीनं पुस्तक मागवलं. 'विहिरीवरची आक्का' असं काहीतरी नाव आहे म्हणे. कव्हरवर विहीर. आमची नाही, कुणाची तरी चित्रातली.

धनाजीनं उचलून उलटं धरलं, मग सुलटं धरलं. "हे काय?" साक्षी म्हणाली, कॉलेजचं. क्रांतीनंही पान उलटून बघितलं. मला फार बरं वाटलं. आयुष्यात पहिल्यांदा घरातली चारही माणसं अडाणी. मला मराठी काय आणि कानडी काय, दोन्ही सारख्याच मुंग्या.

नंतर साक्षीनं पानावर फोन धरला. फोन कानडीचं मराठी करतो. फोननं केलेलं मराठी असं : "मोठ्या बहिणीने भूकंप खाल्ला. माझी आई पोट घेऊन चालली."

साक्षी हसली. मी हसले नाही. म्हटलं, बंद कर ते. फोनलाही काही गोष्टी कळायला लागल्या तर अवघड आहे.

३ जानेवारी

पुस्तक टेबलावर पडलं होतं. महादेवीनं ओल्या हातानं उचललं आणि भाकरी मोडावी तसं मधूनच उघडून धाडधाड वाचायला लागली.

"तुला येतं?" साक्षी ओरडली.

"मग? सातवी झाले मी, कानडी शाळंत. तुमी इचारलं कवा?"

सहा वर्षं ही बाई या घरात भांडी घासते. आम्ही तिला फक्त भांडी घासायला येतात असं समजून चाललो होतो.

आता रोज दुपारी महादेवी वाचते आणि मराठीत सांगते, साक्षी भांडी घासते. मी शेंगा सोलते. पहिल्या प्रकरणात विहीर आहे. विहिरीवर दोन बहिणी धुणं धुतात. आक्का सगळ्या गावाचे आवाज काढते, पाटलाचा, ब्राह्मणाचा, सासूचा. सासूचा काढला की धाकटीला हसू आवरत नाही, ती धुणं तोंडात कोंबते.

खरं आहे. लुगड्याचा पदर कोंबायची, साबणासकट.

महादेवी म्हणाली, "आज्जी, ही आक्का तुझ्यावानीच हाय की ओ."

म्हटलं, "गावोगावी असत्यात तसल्या."

साक्षी मान खाली घालून कढई घासत होती. तिला कधीच ती घासता येत नाही.

दुपारभर मी वाट बघत होते, पुस्तकात माझा न्याय कुठल्या पानावर होणार याची. माणूस अक्षर शिकलेला असला तर पुढची पानं चाळून बघू शकतो. मला महादेवीच्या जिभेच्या वेगानंच जायचं. कोर्टात बसल्यासारखं.

८ जानेवारी

आज भूकंपाचं प्रकरण.

मल्लाप्पा कोयनेच्या कामावर होता. भूकंपात त्यांची खोली पडली, त्याचा हात मोडला, त्याला कऱ्हाडच्या दवाखान्यात टाकलं. बाळी सातव्या महिन्यात. जवळ कुणी नाही. तिसऱ्या दिवशी ती कुंडलला निघाली, थोडी ट्रकनं, बाकी पायी. भर दुपारी आक्काच्या दारात आली. गाव सगळं रानात. दार आतून लावलेलं. तिनं हाक मारली, "आक्का!"

महादेवी इथं थांबली, चष्मा पुसला आणि एकेक शब्द लावत वाचलं :

"'आतून कोणतरी बारीक खाकरलं. मग सासू बोलली : रंगू मेली. भिंत पडली तिच्यावर. तूबी आमाला मेलीस. जा.'"

मग ती विहिरीवर गेली. नवऱ्यानं बांधलेल्या पायऱ्यांनी खाली उतरली आणि थंडीच्या दिवसांत, सात महिन्यांचं पोट घेऊन, आक्काच्या नावानं आंघोळ केली. मग ओल्या लुगड्यानं कऱ्हाडला परत गेली. मुलगी झाली तिचं नाव रंगव्वा ठेवलं. मेलेल्या माणसाचं ठेवतात तसं.

महादेवी रडली. पदरानं डोळे पुसून म्हणाली, "कसली गं सासू! पोटुशीला दारातनं हाकललं." आणि भांडी तशीच टाकून गेली.

साक्षी माझ्याकडे बघत होती.

म्हटलं, लिही. माझी सासू खोटं बोलली. ती होतीच तशी.

तिनं लिहिलं. मग पेन टेकवून म्हणाली, "आजी, तू तर म्हणालीस बाळीआजी परत कधी आलीच नाही."

"मला काय म्हाईत? मी रानात असंन."

तिनं वहीची मागची पानं उलटली आणि मला माझंच वाचून दाखवलं. सासूनं दीड महिना उंबरा ओलांडला नाही. पीठमीठ आणायला घरात रंगू.

म्हणून लोकांनी वही लिहू नये.

१० जानेवारी

ती काल काही बोलली नाही. आजही नाही. पेन घेऊन नुसती बसली. धनाजीनं मला इतकं गप्प राहून कधी छळलं नाही, तो ओरडतो तरी.

बरं. लिही.

मी घरात पीठ काढत होते. बाळीची हाक आली. दाराला अडसर होता. मी अडसराला हात लावला, आणि तिथंच थांबले. सासूचं भय. तिला कळलं असतं तर तिनं मला त्याच दिवशी माहेरी धाडलं असतं, मूल नाही आणि वर पळालेल्या बहिणीला घरात घेते म्हणून. आबांनीही उंबरा चढू दिला नसता. म्हणून सासूचा आवाज काढला. जी मला मारून टाकायला टपली होती तिच्याच आवाजात मी स्वतःला मारलं. काम सोपं झालं.

मग पायांचा आवाज लांब गेला. मी पीठ घेऊन रानात आले. सासू म्हणाली, "येवढा येळ?" म्हटलं, चाळणी घावत नव्हती.

झालं. सांगितलं. आता चहा कर, आणि त्यात साखर घाल. परवापासून बिनसाखरेचा देते आहेस, मला कळत नाही का.

१८ जानेवारी

काल रात्री कुंडलहून भावकीतल्या केरबाचा फोन. धनाजीनं मोठा आवाज करून सगळ्यांना ऐकवला. सांगलीच्या ग्रंथालयात एक तारखेला कुण्या कानडी लेखिकेचा सत्कार आहे, तिला दिल्लीचा पुरस्कार मिळालाय. दुसऱ्या दिवशी ती आपली विहीर बघायला येणार. केरबा झुडपं तोडून घेतोय, फ्लेक्सही सांगितलाय.

"आई, कोण गं ही बाळाबाई? केरबा म्हणतोय आपल्या घरात असायची."

"असंल कामाला कोणतरी."

क्रांती म्हणाली, "आवं आत्या, येवढं मोठं बक्षीस, आणि तुमाला म्हाईत नाही?"

आज सकाळी दहा वाजता कुलूप लागल्यावर मला नीट कळलं मी कुठं अडकले ते. ती येणार मेलेल्या मावशीची विहीर बघायला. तिथं केरबा हार घेऊन उभा. ती म्हणणार, माझी रंगूमावशी इथं भूकंपात गेली. आणि केरबा, ज्याच्या पोटात पाणीसुद्धा राहत नाही, तो म्हणणार, "रंगूकाकी? ती कुठली मरती! मलकापुरात हाय, तिसऱ्या मजल्यावर, हाड मोडलंय नुस्तं."

मी जिवंत आहे म्हणावं तर का मेले ते सांगावं लागणार. मेलेली राहावं तर केरबा राहू देत नाही. आणि पळावं तर खाली तीन जिने आणि दाराला कुलूप. चोवीस भाषांत बक्षीस देणाऱ्यांनी त्या पुस्तकात लिहिलेलं खरं मानलं. त्या पोरीनं आयुष्यभर खरं मानलं. आईच्या जागी ठेवावी अशी मावशी तिनं केली माझी. तिचा तो देव मी, जिवंत राहून, फोडायचा.

साक्षी म्हणते, आधी आपणच लिहूया. म्हटलं, शपथ मोडलीस तर बघ.

२५ जानेवारी

साक्षीला म्हटलं, केरबाला फोन लाव आणि सांग, रंगूकाकी गेली, आज सकाळीच, शांतपणे.

"मग बाबा विचारतील, मयत कुठाय."

"त्यांना सांग आलीय परत."

ती हसली. पंधरा दिवसांनी हसली. पण फोन लावला नाही.

१ फेब्रुवारी

आज सांगलीत सत्कार. फोनवर साक्षीनं दाखवला. खादीची साडी, केस पांढरे, कपाळ बाळीचं. माईकसमोर उभी राहिली आणि मराठीत बोलायला लागली. मी म्हटलं, आवाज बंद कर. साक्षीनं केला. मी नुसती तिची हनुवटी हलताना बघत बसले. बाळी खोटं बोलायला लागली की तिची हनुवटी अशी पुढं यायची. हिची आली नाही. ही खरंच बोलत असणार.

२ फेब्रुवारी

साक्षी, आज माझं काही खोडू नको. 'हाय'चं 'आहे' कर हवं तर, पण जे झालं ते सगळं राहू दे.

अकरा वाजून गेले असतील. मी दार उघडून खुर्चीवर, मांडीवर शेंगांचं सूप. खाली गाडी थांबली. जिन्यात पावलं. दुसऱ्या मजल्यावर एक बाई विचारत होती, "आवं, रंगूबाय कुटं ऱ्हात्यात?"

तो बाळीचा आवाज होता. नुसता आवाज नाही, बोलीही. असं 'कुटं' आता कुंडलातही कुणी म्हणत नाही. अठ्ठावन्न वर्षांपूर्वी गाव जसं बोलायचं तसं. बाळी ती बोली कानडी मुलखात घेऊन गेली आणि तिथं ती कुणी वापरली नाही, म्हणून तशीच कोरी राहिली.

मी सूप खाली ठेवलं आणि लाकडी दार लावून घेतलं. वॉकरसकट त्याला टेकून उभी राहिले. मांडीतली सळई ठणकत होती.

घंटी वाजली. पुन्हा वाजली.

"मावशी?"

वहीबाई, ऐंशी वर्षांच्या बाईला अक्कल यायला अजून किती वर्षं लागतात? माझं तोंड आपोआप उघडलं. खाकरले आणि क्रांतीचा आवाज काढला, "कोण पायजे? आत्या गावाला गेल्यात."

बाहेर चपला सरकल्या. मला वाटलं गेली. गेली असती तर बरं, आणि गेली असती तर मी तिथंच मेले असते.

मग बाहेरून हळूच आवाज आला, "मावशी, खाकरू नगा. आईला तवाच कळलं हुतं."

माझा हात कडीवर होता. या वेळी अडसर नव्हता, नुसती कडी.

"मी थोरली झाल्यावर सांगितलं तिनं मला. आक्का आवाज काढायच्या आदी खाकरती. सासू कवाच खाकरायची न्हाई, एकदम वरडायची. मी म्हटलं, मग तू परत का आलीस आये? दार का बडवलं न्हाईस? तर म्हनली, आक्काला मेलेलं ऱ्हायचं आसंल, तर राहू द्यावं. दार न उघडनारी मावशी सांगन्यापरीस मेलेली मावशी सांगावी, पोराला जड जात न्हाई."

"मग पुस्तकात तसं का लिहिलंस?" मी दाराआडून विचारलं. माझ्याच आवाजात.

"आईनं सांगितलं तसं लिहिलं. खाकरनं तेवडं ठेवलं. म्हटलं, मावशी हयात आसली, आन तिला कुनी वाचून दावलं, तर तिला कळंल की आमाला कळलंय."

मी कडी काढली. दार उघडलं.

जाळीच्या पलीकडं ती उभी. कालच्याच साडीत. हातात केरबानं घातलेला झेंडूचा हार गुंडाळून धरलेला.

मी तिला आत ये म्हटलं नाही. आधी सांगायचं होतं. साक्षीलाही सांगितलं नव्हतं. म्हटलं, "सासूच्या भयानं उघडलं न्हाई आसं म्या नातीला सांगितलंय. खोटं हाय ते. सासू रानात हुती, तिला कळलं नसतं. दाराला फट हुती. फटीतनं बाळी दिसली. पोट दिसलं. मला पाच वर्सं काय न्हवतं, आन ती पळून गेलेली, तिचं येवढं पोट. ते बघवलं न्हाई मला. म्हनून."

तिनं हातातला हार पायरीवर ठेवला. मी जाळी धरून उभी.

मग म्हणाली, "त्या पोटात मी हुते."

"व्हय."

"मग आता बघा की मावशी. भायेर आलीया."

मी बघितलं. पोटभर बघितलं.

तिनं जाळी ओढली. कुलूप खडखडलं. "किल्ली?"

"साक्षीकडं. एक वाजता येती ती." आणि मला हसू फुटलं. अठ्ठावन्न वर्षांनी दार उघडलं, तर कुलूप बाहेरून. तिलाही हसू आलं. तिनं हसू आवरायला साडीचा पदर तोंडात कोंबला.

ती जिन्याच्या पायरीवर बसली, मी खुर्चीवर. म्हटलं, जेवलीस का? म्हणाली, सकाळपासून केरबाण्णाचा नुसता चहा चाललाय. भाकरी आत होती, पण जाळीतून भाकरी जात नाही. मग मी सूप उचललं. भोकं बोटाएवढी. एकेक शेंगदाणा सरकवायला लागले. ती पलीकडून घ्यायची, साल चोळून तोंडात टाकायची आणि पुन्हा हात पुढं करायची.

एक वाजता साक्षी जिना चढून आली, किल्ली हातात घेऊन, आणि तिथंच थांबली. आम्ही दोघींनी तिला हातानंच सांगितलं, जरा दम धर. सुपातले अजून संपले नव्हते.

आज घास पोचवायला कावळा लागला नाही.